दिवाणखान्यातलं धुणं

घराण्याची अब्रू दिवाणखान्यात नांदते, यावर हिकमत हानिम यांची पन्नास वर्षं श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेला धक्का लागेल असं त्यांनी कधी काही केलं नव्हतं. म्हणजे त्या दिवाणखान्यात त्या कधी बसतच नसत. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सब्री प्लंबरने त्या अब्रूच्या भिंतीला कान लावला, बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि निकाल दिला.

"हज्जा, पाइप इथूनच गेलाय. मशीन बसणार ते इथेच."

हिकमत हानिम काठी टेकून दारात उभ्या होत्या. आत यायचं की नाही, ते त्यांचं अजून ठरलं नव्हतं.

"त्या खुर्चीला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या.

सब्रीने खुर्चीला हात लावला नव्हता. तरीही त्याने हात मागे घेतला.

मोहर्रम बे भागातल्या आमच्या या इमारतीत सगळी घरं एका साच्यातली आहेत. पुढे रस्त्याच्या बाजूला सगळ्यांत मोठी खोली, तिला बाल्कनी, बाल्कनीवर दिवसभर ऊन आणि दुपारनंतर समुद्राचा वारा. या खोलीत कुणी राहत नाही. ती पाहुण्यांसाठी असते. मग एक लांब अंधारी वाट, आणि तिच्या शेवटाला दोन लहान खोल्यांत माणसं दाटीवाटीने झोपतात. जवळचे पाहुणे येतात ते थेट जेवणाच्या टेबलापाशी, टीव्हीसमोर बसतात. लांबचे पाहुणे हल्ली फोन करतात. त्यामुळे दिवाणखाना कायम स्वच्छ राहतो.

हिकमत हानिम यांचा दिवाणखाना त्यांच्या लग्नात, लाकडी फर्निचरसाठी नावाजलेल्या दमिएत्ताहून आला होता. एक सोफा, दोन मोठ्या खुर्च्या, चार लहान खुर्च्या, सगळ्यांना सोनेरी मुलामा, आणि पायांवर कोरलेली द्राक्षं. प्रत्येक नगावर पांढरी सुती खोळ. सात नग, सात खोळी. त्या वर्षातून तीनदा धुतल्या जात आणि ओलसर असतानाच परत चढवल्या जात, कारण खुर्च्या उघड्या दिसल्या की हिकमत हानिमना कसंसंच व्हायचं.

धुण्याखेरीज खोळी उतरल्या त्या फक्त दोन कारणांनी. एकदा त्यांचे यजमान गेले तेव्हा, बायका मातमपुर्सीला आल्या म्हणून. बाकी अकरा वेळा रावयासाठी.

रावया ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय चव्वेचाळीस. सरकारी इस्पितळात एक्स-रेच्या जुन्या फिल्म ठेवतात त्या तळघरात ती बावीस वर्षं काम करते आहे. फिल्म पाकिटात घालायची, पाकिटावर नाव आणि नंबर घालायचा, मांडणीवर लावायची, आणि चार वर्षांनी कुणी मागायला आलं तर दोन मिनिटांत काढून द्यायची. ती दोन मिनिटांत देते, ही गोष्ट इस्पितळात दंतकथेसारखी सांगितली जाते. तिला हाक कशी मारायची हा मात्र बराच काळ प्रश्न होता. 'आनिसा' म्हणावं तर ते लहान मुलींना म्हणतात, 'मदाम' म्हणावं तर लग्न झालेलं नाही. शेवटी सगळ्यांनी तिला 'डॉक्टर' म्हणायला सुरुवात केली. ती डॉक्टर नाही, पण त्यामुळे कुणाचीच अडचण होत नाही.

अकरा वेळा रावया सरबताचा ट्रे घेऊन दिवाणखान्यात गेली होती. एका मुलाच्या आईने खुर्ची उलटी करून लाकूड कुठलं ते पाहिलं. एकाने सगळा वेळ बाल्कनीतून त्याची गाडी कुणी उचलून नेत नाही ना, यावर लक्ष ठेवलं. एक मुलगा मात्र सगळ्यांना आवडला, रावयालाही. फातिहा वाचून बोलणी पक्की झाली, तो कुवेतला गेला, दोन वर्षं फोन येत राहिले, आणि मग त्याच्या आईचा फोन आला की त्याने तिकडेच एका शिक्षिकेशी लग्न केलं. तो फोन हिकमत हानिमनी घेतला होता. त्यानंतरही चौघे आले. शेवटचा येऊन नऊ वर्षं झाली.

आता धुण्याचं. कपडे धुण्याचं मशीन मागे बाथरूममध्ये होतं. बाथरूमला वीतभर उंच उंबरा. मशीनमधून ओले कपडे बादलीत काढायचे, उंबरा ओलांडायचा, स्वयंपाकघरात यायचं, आणि खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकून डक्टमधल्या दोऱ्यांवर ते घालायचे. डक्टमध्ये ऊन पडत नाही. वरच्यांचे कपडे तुमच्या कपड्यांवर ठिबकतात, तुमचे खालच्यांच्या, आणि सगळ्यांचेच सगळ्यांच्या लसूण-धण्याच्या फोडणीत वाळतात. शर्ट कुणाचाही असो, वास पूर्ण इमारतीचा.

जानेवारीत हिकमत हानिम बादली घेऊन त्या उंबऱ्यावर पडल्या. रावयाने फिल्म उजेडासमोर धरली आणि डॉक्टर सांगण्याआधीच तिला कळलं. खुब्याजवळ हाड मोडलं होतं. असली हाडं तिने हजारांनी पाकिटात घातली होती. स्वतःच्या आईचं नाव पाकिटावर लिहायची वेळ पहिलीच. तिने नाव लिहिलं. मग तिने नंबर घातला.

हाडात स्क्रू बसले. डॉक्टरांनी बजावलं की ओली फरशी आणि हातात वजन, हे दोन्ही आता विसरायचं; पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. रावयाने धुणं आपल्याकडे घेतलं. पण तिला मोजे जोडीने वाळत घालता येत नाहीत, असं हिकमत हानिमचं मत होतं, आणि रावया सकाळी सातला कामावर जायची. एप्रिलमध्ये एकदा ती डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आली. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत होती. काठी नळाला अडकवली होती. तोंडात दोन चिमटे होते, त्यामुळे तिला ओरडताही आलं नसतं.

रावयाने तिला धरून आत घेतलं आणि त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की मशीन दिवाणखान्यात जाणार. मागच्याच भिंतीत पाइप आहे, फरशी सपाट आहे, बाल्कनी दोन पावलांवर आहे, दोऱ्या छातीच्या उंचीवर लावता येतील.

पुढचा महिनाभर चर्चा चालली. हिकमत हानिम म्हणाल्या, वाफेने मुलामा सुटेल. रावया म्हणाली, मशीनला वाफ नसते. हिकमत हानिम म्हणाल्या, जेवणाच्या खोलीत ठेव. तिथे पाणी जायला वाट नाही. स्वयंपाकघरात? तिथे मशीन ठेवलं तर माणसाला बाहेर उभं राहून स्वयंपाक करावा लागेल. वडिलांच्या आत्म्याला काय वाटेल, हेही निघालं. रावयाने नम्रपणे आठवण दिली की बाबा हयातभर त्या खोलीच्या दारात चपला काढून मागे जायचे, त्यामुळे आत्म्यालाही तिथे फारसं ठाऊक नसणार. एक मुद्दा सोडून सगळे मुद्दे संपले. तो मुद्दा हिकमत हानिम यांनी भेंडी चिरता चिरता, खाली बघत काढला.

"आणि कुणी आलं तर बसवायचं कुठे?"

"कोण येणार आहे, आई?"

रावयाने हे हळूच विचारलं होतं. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. रागावर उत्तर देता येतं. दोन दिवस आई मीठ, औषध आणि दाराची कडी यांपलीकडे काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तात्पुरतं." अटी घातल्या. मशीनपुढे पडदा हवा. खुर्च्या जागच्या हलणार नाहीत. आधी सगळ्या खोळी धुवायला काढायच्या, खोली झाडून पुसून घ्यायची, मग प्लंबर.

म्हणून त्या गुरुवारी रावयाने रजा काढली. दुपारी दोनला तिने पुढच्या बाल्कनीची लाकडी दारं उघडली, गालिचा कठड्यावर टाकून बडवला, खोळी उतरवल्या, सोनेरी खुर्च्या पुसल्या. आणि पाचला सब्री प्लंबर आला. तो खरा शनिवारी येणार होता. पण त्याच्या भाचीचा साखरपुडा होता, शनिवारी दुसरीकडे काम होतं, तेव्हा जाता जाता माप घेऊन टाकू म्हणून तो तसाच आला. अंगात करडा सूट, दाढी घोटलेली, हातात रिबिनीने बांधलेला मिठाईचा खोका. खोका स्कूटरवर ठेवला तर मांजरं सोडणार नाहीत, म्हणून तो वर आणला होता. रावयाने सांगितलं, ठेवा त्या टेबलावर.

आमच्या इमारतीत काही गोष्टी कुणी कुणाला सांगत नाही. गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या दुपारी, पुढची दारं उघडतात, गालिचा बडवला जातो, खुर्च्यांच्या खोळी उतरतात, आणि संध्याकाळी सूट घातलेला माणूस रिबिनीचा खोका घेऊन जिना चढतो. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तिथे याचा अर्थ एकच. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर हिकमत हानिमच्या खाली, मदाम इन्शिराह राहतात; हिकमत हानिमना त्या 'उम्म रावया', रावयाची आई, म्हणतात. त्यांचं दार हवा खेळती राहावी म्हणून कायम चार बोटं उघडं असतं. त्यांनी त्या फटीतून सब्रीला विचारलं, कुणाकडे? सब्री म्हणाला, रावया डॉक्टरांकडे, आणि मला आधीच उशीर झालाय. त्याच्या कपाळावर घाम होता. मदाम इन्शिराहना तो घाम पाहून फार बरं वाटलं.

सब्री भिंतीपाशी गुडघ्यांवर बसून, सूटला धूळ लागू नये म्हणून कोट काढून टॉर्च मारत होता, तेव्हा खालच्या मजल्यावरून आनंदाच्या प्रसंगी बायका जीभ हलवून काढतात ती लांबलचक लग्नाची किलकारी उठली.

"लग्न आहे का इमारतीत?" त्याने विचारलं.

"असेल," रावया म्हणाली.

समोरच्या इमारतीतून दुसरी किलकारी आली. मग पाचव्या मजल्यावरून तिसरी. समोरची बाई बाल्कनीत येऊन थेट यांच्याकडे बघून हात हलवत होती. रावयाने तो हात पाहिला, मग उघड्या खुर्च्या, मग खोका, मग खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट. तिला कळलं. ती आईकडे वळली. आईला तिच्याही आधी कळलं होतं. हिकमत हानिम दारातून आत आल्या होत्या आणि डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी सारखा करत होत्या. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. जानेवारीनंतर त्या पहिल्यांदाच कशाचाही आधार न घेता उभ्या होत्या.

एवढ्यात बेल वाजली. मदाम इन्शिराह रव्याच्या गोड बस्बूसाची बशी घेऊन आल्या होत्या आणि थेट दिवाणखान्यात शिरल्या. सब्री मोरीचं तोंड बघायला बाल्कनीत गेला होता. त्याची फक्त पाठ दिसत होती. मदाम इन्शिराह सोफ्यावर बसल्या. पाहुणी बसली म्हणजे यजमानणीला बसावं लागतं. हिकमत हानिम मोठ्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. रावयाने प्लंबरसाठी चहा टाकला होता, तो आणायला ती आत गेली. ती जाताच मदाम इन्शिराहनी आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज वाटेच्या दुसऱ्या टोकाला नीट ऐकू येतो.

"उंची चांगली आहे गं, उम्म रावया. केस जरा मागे गेलेत, पण आता केसांचं काय घेऊन बसायचं? आपली पोरगी तरी काय वीस वर्षांची आहे? देणाऱ्याने दिलं हे महत्त्वाचं." मग जरा थांबून, "करतात काय?"

हिकमत हानिम यांनी जपमाळ हातात घेतली. ती जोरात फिरू लागली.

रावया ट्रे घेऊन दारात आली आणि सवयीने थांबली. अकरा वेळा ती इथेच थांबली होती. तिच्याकडे सांगायला एक साधं वाक्य होतं. तिने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर कुणाचीच फसवणूक करायचा बेत नव्हता. फक्त इतकंच होतं की कुणी विचारेपर्यंत हे असंच राहू दे. आईला ही एक संध्याकाळ द्यावी, उद्या काय सांगायचं ते उद्या बघू, असं रावयाने ठरवलं. तिने मान खाली घातली, आधी पाहुण्या म्हणून मदाम इन्शिराहपुढे ट्रे धरला, मग आईपुढे, आणि लहान खुर्चीवर गुडघे जुळवून बसली. नवरीमुलीने बसावं तशी. इतकी नीट की मदाम इन्शिराहनी समाधानाने साखर ढवळली.

हिकमत हानिम मुलीकडे बघत राहिल्या. तिच्या भांगात पांढरं होतं. बोटांच्या टोकांना पाकिटांवर नंबर घालायच्या पेनची काळी शाई होती. ती जमिनीकडे बघत होती आणि ती कुणासाठी बघत होती हे त्यांना दिसत होतं. जपमाळ थांबली.

"तो प्लंबर आहे," हिकमत हानिम म्हणाल्या.

मदाम इन्शिराहचा चमचा थांबला. "कोण?"

"तो. उस्ता सब्री. आमचं कपड्यांचं मशीन इथे बसवतोय."

"दिवाणखान्यात?"

"मला आता तो बाथरूमचा उंबरा होत नाही. रावयाने त्यासाठी रजा काढलीय." त्यांनी कप उचलला, पण प्यायल्या नाहीत. "कायमचं बसवतोय. चहा घे, गार होतोय."

रावयाने मान वर केली. मदाम इन्शिराहनी बाल्कनीकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आपल्या बस्बूसाच्या बशीकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगता येत नाही, कारण त्या वाईट बाई नाहीत. पण माणसाला कुठे तरी पाय टेकवायला जागा लागते.

"आणि पाणी?" त्या म्हणाल्या.

"कसलं पाणी?"

"मशीनचं. ते सोडणार कुठे? तुमच्या खाली माझी बाल्कनी आहे, उम्म रावया. माझ्या बाल्कनीत माझे गालिचे असतात."

सब्री बाल्कनीतून आत आला. पाणी भिंतीतल्या पाइपने थेट खाली जाईल, एक थेंब तुमच्याकडे यायचा नाही, असं त्याने सांगितलं. मदाम इन्शिराह म्हणाल्या, असं दुसऱ्या मजल्यावरचा प्लंबरही म्हणाला होता. मग पुढचा अर्धा तास पाइपचा व्यास, उतार आणि मागच्या हिवाळ्यातल्या ओलीवर बोलणं झालं. उठताना त्या बजावून गेल्या की बशी चिनी मातीची आहे, धुऊन परत पाठवा. सब्रीने कोट झटकला, खोका घेतला आणि भाचीच्या साखरपुड्याला उशिरा पोचला.

दार लागल्यावर रावया कप गोळा करू लागली.

"कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. "मी बसले होते ना."

"बसलेली दिसलीस," आई म्हणाली. "म्हणूनच सांगितलं."

इमारतीने अभिनंदन परत घ्यायला आठवडा लावला. कोपऱ्यावरचा औषधवाला तर अजूनही तारीख विचारतो; रावया त्याला, ठरली की कळवते, म्हणते.

पुढच्या मंगळवारी सब्रीने मशीन आणून भिंतीपाशी बसवलं, आणि बाल्कनीत छातीच्या उंचीवर चार दोऱ्या ताणल्या. पडद्याचं कापड आणलेलं होतं. ते शिवायचं कुणी बोललं नाही. पहिलं धुणं खोळींचं. हिकमत हानिमनी साबणाची पूड स्वतः मोजून घातली, नीळ किती ते सांगितलं आणि मोठ्या खुर्चीवर बसल्या, या खेपेला पाठ टेकवून. मशीनच्या गोल काचेत पांढरं कापड फिरत होतं. त्या ते संपेपर्यंत बघत होत्या. मधे एकदा म्हणाल्या की पिळताना हे फार आदळतं, खाली इन्शिराहला ऐकू जात असेल. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती.

मशीन थांबल्यावर रावयाने कठड्यावरून वाकून, मावशीला मारावी तशी खाली हाक दिली, "तांत इन्शिराह, ओलं घालतेय, गालिचे आत घ्या." खालून काही पुटपुटलेलं ऐकू आलं, मग गालिचे ओढल्याचा आवाज. सोफ्याची मोठी खोळ बाहेरच्या दोरीवर घाल, लहान आत, शिवणी उलट्या, असं आईने खुर्चीतूनच सांगितलं. रावयाने तसंच केलं. चिमटे आईच्या मांडीवर डबीत होते. ती एकेक पुढे करत होती. सात पांढऱ्या खोळी रस्त्याच्या बाजूला वाऱ्याने फुगल्या. खालून जाणाऱ्या दोघी-तिघींनी मान वर करून पाहिलं, पांढरेपणा मनात जोखला आणि पुढे गेल्या.

"वाळल्या की परत चढवायच्या?" रावयाने विचारलं.

हिकमत हानिमनी खुर्चीच्या हातावरची द्राक्षं बोटाने चाचपली. "घड्या करून कपाटात ठेव," त्या म्हणाल्या. "बसायचं तर रोज कोण काढघाल करणार?"

खोळी पन्नास मिनिटांत वाळल्या. डक्टमध्ये त्या दोन दिवसांनीही ओलसर असायच्या.